नानजिंगचं कृषी-वन महाविद्यालय : पैसा कुणाचा, अभ्यास कशाचा?

कृषी महाविद्यालय कसं उभं राहतं यावर बोलताना आपण बहुधा इमारत, प्रक्षेत्र, मंजूर पदं आणि अभ्यासक्रम यांची यादी मांडतो आणि किती जागा रिकाम्या आहेत यावर चर्चा संपवतो. इथे घेतलेलं प्रकरण त्या यादीत बसत नाही. या महाविद्यालयाकडे सुरुवातीला यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. पुढे प्रत्येक टप्प्यावर पैसे देणारा बदलत गेला आणि त्याच्यामागोमाग काम बदलत गेलं. चीनमधल्या नानजिंग (जुन्या उच्चारात नानकिंग) शहरातलं नानकिंग विद्यापीठ, म्हणजेच जिनलिंग, आणि त्याचं कृषी व वन महाविद्यालय. काळ साधारण १९११ ते १९५२. ज्यांच्या कामाची सार्वजनिक नोंद आहे त्यांची नावं ठेवली आहेत. निर्वासित कुटुंबं, विद्यार्थी, बियाणं पेरून पाहणारे शेतकरी हे सगळे बिननावाचेच आहेत.

पार्श्वभूमी

ह्वाय नदी मध्य चीनमधून पूर्वेकडे वाहते. ह्वांग हो, म्हणजे पीत नदी, काही शतकं तिच्याच पात्रातून समुद्राला मिळत होती. १८५५ मध्ये ह्वांग होने उत्तरेकडे मार्ग बदलला, पण मागे राहिलेल्या गाळाने ह्वायची समुद्राकडची वाट बुजलेलीच राहिली. पाऊस जास्त झाला की पाणी ज्यांग्सू आणि आन्हुई प्रांतांच्या उत्तर भागात पसरायचं आणि लवकर उतरायचं नाही. १९१०-११ मध्ये हेच झालं. पिकं गेली, आणि उपाशी कुटुंबं दक्षिणेला नानजिंगपर्यंत आली. त्याच सुमारास चीनची शेवटची राजेशाही, छिंग राजवटही कोसळत होती.

नानकिंग विद्यापीठ हे मिशनरी विद्यापीठ. १९१० मध्ये काही मिशन संस्था एकत्र येऊन ते नव्या रूपात उभं राहिलं होतं. तिथे जोसेफ बेली नावाचे आयर्लंडमध्ये जन्मलेले मिशनरी गणित शिकवायचे. शेतीशी त्यांचा अध्यापक म्हणून काही संबंध नव्हता. शहराच्या पूर्वेला झिजिन नावाचा डोंगर आहे, तेव्हा तो उघडाबोडका होता. बेलींनी तिथली पडीक जमीन मिळवून निर्वासितांना कामाला लावलं. रस्ते काढायचे, जमीन फोडायची, झाडं लावायची. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामं निघाली, तो विचार याच जातीचा. फरक एवढाच, की बेलींना मजुरीवर थांबायचं नव्हतं, त्या कुटुंबांना जमिनीवर वसवायचं होतं. सन यत्सेन यांचा आणि नानतोंगचे उद्योगपती झांग ज्यान यांचा त्यांना पाठिंबा मिळाला.

पेच

मजूर होते, डोंगर होता, थोडाफार पैसाही होता. नव्हता तो कोणतं झाड कुठे लावायचं हे सांगणारा माणूस. रोपवाटिका चालवू शकेल, उतारावरची माती पाहून निर्णय घेईल आणि मजुरांबरोबर उन्हात उभा राहील, असा शिकलेला तरुण मिळणं कठीण होतं. छिंग काळाच्या अखेरीस जपानी धर्तीवर कृषी शाळा निघाल्या होत्या, पण तिथून बाहेर पडलेल्यांचा ओढा सरकारी कचेरीकडे असायचा. शिकलेल्या माणसाने हाताला माती लावायची नाही, ही समजूत तिथेही होती. ती आपल्याला नवी नाही.

दुसरा पेच विद्यापीठाच्या आतला होता. मिशन मंडळांचा पैसा धर्मशिक्षण, वैद्यकीय सेवा आणि सामान्य शिक्षण यांसाठी यायचा. शेती आणि जंगल हे मिशनचं काम मानायचं का, यावरच एकमत नव्हतं. म्हणजे गरज समोर ढळढळीत दिसत होती, पण तिच्यासाठी खर्च करणारा कायमचा धनी नव्हता. माझ्या मते या प्रकरणातला खरा पेच हाच, आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही.

समोर असलेले पर्याय

त्या परिस्थितीत चार वाटा दिसतात. पहिली, मदतकार्य जसं चाललं आहे तसं चालू द्यायचं आणि पूर ओसरला की थांबायचं. दुसरी, निवडक तरुणांना परदेशी पाठवायचं. ही वाट खर्चिक, शिवाय परत येणारा पुन्हा शहरातच राहण्याची शक्यता मोठी. तिसरी, एखाद्या गावात छोटी, हाताने काम शिकवणारी शेतीशाळा काढायची. चौथी, विद्यापीठातच पदवी देणारा विभाग उघडायचा.

निवडली गेली ती चौथी. १९१४ मध्ये कृषी विभाग उघडला, १९१५ मध्ये वन विभाग, आणि १९१६ मध्ये दोन्ही एकत्र करून कृषी व वन महाविद्यालय झालं. तिसऱ्या वाटेतलं जे घेण्यासारखं होतं ते पुढे छोट्या मुदतीच्या अभ्यासक्रमांच्या रूपाने जोडून घेतलं. बेली काही वर्षांत दुसऱ्या कामांकडे वळले आणि सूत्रं जॉन राइस्नर यांच्या हातात आली. राइस्नर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकी नमुना होता. त्यात शिक्षण, संशोधन आणि विस्तार, म्हणजे नवं तंत्र शेतकऱ्यापर्यंत नेणं, हे तिन्ही एकाच छताखाली असतात. आपली राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची विद्यापीठं याच घडणीची आहेत.

या नकलेत एक फट राहिली. अमेरिकेत या तिन्ही पायांना सरकारी कायद्याचा आधार होता. १८६२ च्या कायद्याने महाविद्यालयांना जमीन दिली, १८८७ च्या कायद्याने प्रयोग केंद्रांना पैसा दिला, आणि विस्तार कार्याचा कायदा तर नानजिंगमध्ये कृषी विभाग उघडला त्याच वर्षी, १९१४ मध्ये झाला. नानजिंगमध्ये तीन पायांची रचना आली, पण सरकार आलं नाही. चीनमध्ये तेव्हा प्रांतोप्रांती लष्करी सुभेदारांचं राज्य सुरू होत होतं. त्यामुळे राइस्नर यांना प्रत्येक पायासाठी वेगळा धनी शोधावा लागला.

काय केलं : गिरण्या, ओंब्या आणि अंडीपुंज

पहिले धनी शांघायचे गिरणीवाले होते. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल येईनासा झाला आणि चिनी सूतगिरण्यांची भरभराट झाली. देशी कापसाचा आखूड धागा बारीक सुताला चालत नव्हता, म्हणून गिरणीमालकांच्या संघटनेने कापूस सुधारणेसाठी पैसे दिले. पिठाच्या गिरण्यांनी गव्हासाठी दिले. रेशीम सुधारणेसाठी शांघायमध्ये नेमलेल्या समितीने तुतीसाठी आणि रोगमुक्त अंडीपुंजांसाठी दिले. पेब्रिन हा रेशीमकिड्यांचा रोग मादी पतंगाकडून अंड्यांत उतरतो. अंडी घातल्यावर मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि रोगट निघाली तर तिची अंडी टाकून द्यायची, हे काम विद्यार्थी शिकले.

कापसाची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. अमेरिकी सरकी आणून वाटण्याचा प्रयोग चीनमध्ये आधीच फसलेला होता. १८९० च्या दशकात सुभेदार झांग झिदोंग यांनी हुबेई प्रांतात ती मागवून शेतकऱ्यांना दिली होती. कोणता वाण कुठे रुजेल हे कुणी पाहिलं नाही, आणि कापसातून सरकी काढणाऱ्या जिनमध्ये देशी-परदेशी सरकी एकत्र झाली की पुढच्या हंगामात शुद्ध बी उरायचं नाही. महाविद्यालयाने उलट क्रम धरला. १९१९ मध्ये अमेरिकी कृषी खात्याचे कापूसतज्ज्ञ ओ. एफ. कुक यांना बोलावून निरनिराळ्या ठिकाणी वाण पेरून पाहिले. ट्राइस आणि अकाला हे दोन वाण योग्य ठरले. त्यानंतर भर राहिला बियाणं शुद्ध राखण्यावर, म्हणजे भेसळीची झाडं उपटणं, वेगळी वेचणी, वेगळं जिनिंग. कंटाळवाणं काम. त्याचा फोटो छापून येत नाही, पण वाण टिकतो तो यावरच.

गव्हात राइस्नर यांनी १९१४ मध्ये नानजिंगजवळच्या एका शेतातून चांगल्या ओंब्या निवडून आणल्या होत्या. त्यांतल्या एकीपासून, कित्येक हंगामांच्या चाचणीनंतर, ‘जिनलिंग २६’ हा वाण आला. पद्धत सोपी दिसते. एका ओंबीचं बी एका ओळीत पेरायचं, ओळींची तुलना करायची, बरी ओळ पुढे न्यायची. पण ती नियमाने आणि मोठ्या प्रमाणावर करायला प्रशिक्षित माणसं लागतात, आणि इथेच दुसरा मोठा निर्णय आला.

दुष्काळाच्या पैशाचा निर्णय

१९२०-२१ मध्ये उत्तर चीनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. अमेरिकेत गोळा झालेल्या मदतनिधीतला काही भाग दुष्काळ ओसरल्यावर शिल्लक राहिला. तो पुढच्या दुष्काळासाठी धान्यकोठारात घालायचा, की दुष्काळ का पडतो हे शोधायला वापरायचा? दुसरा विचार मान्य झाला. १९२३ मध्ये त्या शिलकेचा मोठा हिस्सा नानजिंगला आणि लहान हिस्सा बीजिंगजवळच्या येनचिंग विद्यापीठाला मिळाला. हेतू होता दुष्काळ निवारण. मरणाऱ्यांच्या नावाने गोळा झालेला पैसा प्रयोगशाळेत घालणं कुणाला खटकलं असेल तर त्यात नवल नाही, पण निर्णय योग्य होता असंच मला वाटतं.

या बळावर १९२५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाशी करार झाला. रॉकफेलरांच्या पैशावर चालणाऱ्या एका शिक्षण मंडळाने त्यालाही मदत दिली. कॉर्नेलचे लव्ह, मायर्स आणि विगन्स हे पैदासतज्ज्ञ आळीपाळीने यायचे, आणि हे १९३१ पर्यंत चाललं. गहू, भात, कापूस, काओल्यांग म्हणजे चिनी ज्वारी, राळा, सोयाबीन ही पिकं घेतली. नानजिंगबाहेरची मिशनची शेती केंद्रं चाचणीची ठिकाणं झाली.

कराराचं मर्म त्याच्या आळीपाळीत होतं. कोणीही पाहुणा कायमचा राहायचा नाही. त्याने हंगामभर काम करायचं, चिनी सहकाऱ्यांना प्रयोगाची आखणी आणि आकडेमोड शिकवायची आणि परत जायचं. शेन झोंगहान हे या पिढीतले. बीजिंगमध्ये शिकून ते अमेरिकेत गेले, कॉर्नेलची डॉक्टरेट घेऊन १९२७ मध्ये नानजिंगला आले आणि गहू पैदाशीचा भार त्यांनी उचलला. ‘जिनलिंग २९०५’ हा त्यांच्या काळातला वाण १९३० च्या दशकात यांगत्से खोऱ्यात बराच पसरला.

माणसं मोजणारा विभाग

जॉन लॉसिंग बक आधी आन्हुईतल्या एका मिशन केंद्रावर शेती सुधारणेचं काम करत. (कादंबरीकार पर्ल बक या त्यांच्या तेव्हाच्या पत्नी.) १९२० मध्ये ते महाविद्यालयात आले आणि शेती अर्थशास्त्राचा विभाग उभा राहिला. पाठ्यपुस्तकं अमेरिकी होती, चीनमधल्या शेताचा जमाखर्च कुठेच नव्हता. बकनी सुट्टीला घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावल्या दिल्या. परका माणूस वहीपेन घेऊन आला की शेतकऱ्याला कर आठवतो. गावचाच मुलगा विचारतोय म्हटल्यावर थोडं खरं बोलणं होतं. पहिल्या मोठ्या पाहणीत ७ प्रांतांतल्या १७ ठिकाणची २,८६६ शेतं आली. दुसऱ्या, १९२९ ते १९३३ च्या पाहणीत २२ प्रांतांतल्या १६८ ठिकाणची १६,७८६ शेतं. आजही त्या काळच्या चिनी शेतीबद्दल लिहिणाऱ्याला या आकड्यांना वळसा घालून जाता येत नाही.

आपल्याकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी याआधीच पिंपळे सौदागरची पाहणी करून १९१७ मध्ये छापली होती. आता तिथे आयटीवाल्यांचे मनोरे आहेत. मॅन एका गावात खोल उतरले, बक देशभर पसरले. शिकवणाऱ्याने दोन्ही पाहण्या शेजारी ठेवून वाचायला हव्यात.

बक यांच्या पाहणीवर चेन हानशेंग यांच्यासारख्या चिनी अभ्यासकांनी कडक टीका केली. प्रश्नावलीचा साचा अमेरिकी शेतव्यवस्थापनाचा होता. शेत किती कार्यक्षम, मजूर किती दिवस रिकामा, तुकडे किती, हे तिने नीट टिपलं. जमीन कुणाच्या हातात, खंड ठरवतो कोण, सावकार आणि जमीनदार एकच आहेत का, हे प्रश्न कडेला राहिले. पाहणीच्या दृष्टीने शेतकऱ्याची अडचण तंत्राची ठरली. पुढे गावोगावी राजकारण पेटलं ते याच कडेला राहिलेल्या प्रश्नांवर.

वन विभागाचं काय झालं

महाविद्यालय जन्मलं डोंगरावर झाडं लावण्यातून, पण वाढ झाली ती कापूस-गव्हाची. गिरणीला सरकीत रस होता. ह्वाय आणि ह्वांग होच्या उगमाकडच्या उतारात तिला रस असण्याचं कारण नव्हतं. झाडाचा फायदा पंचवीस वर्षांनी आणि तोही खालच्या गावाला. त्यासाठी पैसे मोजणारा फक्त दुष्काळ निवारण निधी होता.

वॉल्टर लाउडरमिल्क १९२२ ते १९२७ या काळात इथे वनशास्त्र शिकवत होते, आणि १९२३ नंतर त्यांच्या कामाला त्याच निधीचा आधार होता. कायफेंगजवळ त्यांनी ह्वांग हो पाहिली. बांधांमध्ये कोंडलेलं पात्र गाळाने वर चढत चढत आसपासच्या सपाट जमिनीपेक्षा उंच झालेलं. बांध आणखी उंच करण्यापेक्षा गाळ येतो कुठून हे पाहावं म्हणून ते वरच्या अंगाला, लोएसच्या पिवळ्या मातीच्या प्रदेशात गेले. तिथे घळींनी चिरलेले उतार होते, आणि मध्येच एखाद्या बौद्ध मंदिराभोवती राखलेलं दाट रान. पाऊस तोच, माती तीच. कोकणातली देवराई आणि तिच्या शेजारचा कातळ पाहिलेल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लाउडरमिल्क यांनी मंदिराच्या रानात आणि उघड्या उतारावर वाफे आखले आणि किती पाणी वाहून जातं, त्याबरोबर किती माती जाते हे प्रत्यक्ष मोजलं. पूर आणि दुष्काळ यांचं मूळ उतारावर शोधणारं, मोजमापावर उभं असं हे काम होतं. बेलींच्या १९११ च्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर मिळू लागलं होतं.

१९२७ चा धक्का

२४ मार्च १९२७ ला राष्ट्रवादी सैन्य नानजिंगमध्ये शिरलं आणि परदेशी लोकांवर हल्ले झाले. विद्यापीठाचे उपाध्यक्ष जॉन विल्यम्स गोळी लागून ठार झाले. परदेशी अध्यापक जहाजांतून शांघायला गेले. लाउडरमिल्क महाविद्यालयात परतले नाहीत, ते पुढे अमेरिकेतल्या मृदसंधारण चळवळीचे एक प्रमुख झाले.

गव्हाच्या ओळी मात्र शेतात उभ्या होत्या. १९२५ पासून महाविद्यालयाच्या प्रमुखपदात वाटेकरी असलेले, स्वतः कॉर्नेलमध्ये शिकलेले ग्वो तानश्येन आणि चिनी सहकाऱ्यांनी काम चालू ठेवलं. आळीपाळीच्या कराराचं मोल त्या उन्हाळ्यात दिसलं. पैदाशीचा कार्यक्रम माणसांसह टिकला. उतारांच्या मोजमापाचा कार्यक्रम एका प्राध्यापकाभोवती बांधलेला होता, तो थबकला. पैसा दोन्हीकडे होता, फरक बांधणीचा होता.

विद्यापीठाचे अध्यक्षपद चेन युग्वांग यांच्याकडे आलं, नव्या राष्ट्रवादी सरकारकडे नोंदणी झाली, धर्मशिक्षणाची सक्ती गेली. १९३० च्या दशकात सरकार प्रथमच खऱ्या अर्थाने धनी झालं.

निष्पत्ती

सरकारी साथीने आन्हुईतल्या वूज्यांगला विस्तार कार्याचं प्रात्यक्षिक क्षेत्र उभं राहिलं. सुधारित कापूस, सहकारी संस्था, शेतकरी संघटना, गावशाळा, सगळं एकत्र. झांग झीवेन या पदवीधराचं नाव या कामाशी जोडलेलं आहे, ते पुढे महाविद्यालयाचे प्रमुख झाले. क्षेत्र यशस्वी झालं, पण महाविद्यालयाची माणसं तिथे मुक्कामाला होती म्हणून. तशी माणसं शेकडो तालुक्यांना पुरवणारी यंत्रणा नव्हती आणि ती उभारायला वेळही मिळाला नाही.

१९३७ मध्ये जपानी सैन्य नानजिंगवर चालून आलं आणि विद्यापीठ चेंगदूला हललं. तिथल्या पश्चिम चीन विद्यापीठाच्या आवारात वर्ग भरले. परत यायला १९४६ उजाडलं. १९५२ मध्ये देशभरातल्या विद्यापीठांची फेररचना झाली, तीत हे विद्यापीठ मोडलं. शेतीचे विभाग दुसऱ्या विद्यापीठाच्या कृषी शाखेत मिसळून नानजिंग कृषी महाविद्यालय झालं, वनाचे विभाग वेगळे होऊन नानजिंग वन महाविद्यालय. दोन्ही आज विद्यापीठं आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली संधी १९२३ ची. निधी मिळाला तेव्हाच त्यातला ठरावीक वाटा वनाच्या दीर्घ मुदतीच्या मोजमापासाठी वेगळा बांधून ठेवता आला असता. कॉर्नेलसारखा आळीपाळीचा करार एखाद्या वनशाळेशी करता आला असता. पिकांसाठी सुचलेली युक्ती झाडांसाठी वापरली गेली नाही, याचं कारण मला तरी घाईत दिसतं. गव्हाचा निकाल पुढच्या उन्हाळ्यात हाती येतो आणि देणगीदाराला पत्रात लिहिता येतो.

दुसरी, बक यांच्या विभागाने वाण पसरवणाऱ्यांबरोबर बसायला हवं होतं. लांब धाग्याच्या कापसाचा जास्तीचा भाव कुळाच्या घरात किती राहिला आणि खंडात किती गेला, हे मोजायला लागणारी प्रश्नावली, विद्यार्थी आणि गावं तिन्ही त्याच आवारात होती. दोन विभागांच्या दरम्यान फक्त एक मधलं दार उघडायचं होतं.

गिरण्यांचा पैसा नाकारायला हवा होता असं काहीजण म्हणतील. मला ते पटत नाही. तो नसता तर १९१९ नंतर महाविद्यालयच उरलं नसतं. मात्र गिरणीच्या प्रत्येक रुपयामागे काही पैसे ज्याला धनी नाही अशा विषयासाठी काढायचे, असा नियम राइस्नर यांना तेव्हा करता आला असता. त्यांची भीड चालत होती तोवर.

१९४२-४३ मध्ये चीन सरकारच्या बोलावण्यावरून लाउडरमिल्क वायव्य प्रांतांत मृदसंधारणासाठी परत आले. वीस वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर डोंगर हिंडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण तोवर त्याच कामात मुरलेले होते. त्यांनी ते निरनिराळ्या नोकऱ्या करत, आपापल्या हिमतीवर धरून ठेवलं होतं.